मार्टिन ल्यूथर किंग वाचायला घेताना: कुठून सुरुवात करायची आणि कसं वाचायचं

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या किंग यांचं नाव माहीत असलेल्या बहुतेकांना त्यांचं एकच वाक्य माहीत असतं, ‘माझं एक स्वप्न आहे’. ते वाक्य ज्या भाषणात आहे ते साधारण सतरा मिनिटांचं आहे आणि स्वप्नाचा भाग त्यात बऱ्याच उशिरा येतो. त्याआधी किंग काय बोलले, कोणापुढे बोलले, त्या दिवशी मागत काय होते, हे फारसं कुणी सांगत नाही. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच होतो. मग एका ग्रंथालयात त्यांच्या लेखनाचा जाडजूड संग्रह हाती आला, उत्साहानं पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि साठाव्या पानाच्या आसपास ठेवून दिला. पुन्हा उचलला तेव्हा वाचायची पद्धत बदलली होती. आमच्या छोट्या वाचनगटात आता त्याच पद्धतीनं वाचतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी ती इथे सविस्तर मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. किंग यांचं सार्वजनिक आयुष्य जेमतेम सव्वाबारा वर्षांचं, डिसेंबर १९५५ ते एप्रिल १९६८. सव्विसाव्या वर्षी सुरू झालं, एकोणचाळिसाव्या वर्षी गोळीनं संपलं. त्यांनी जे लिहिलं आणि जे बोलले, ते जवळजवळ सगळं दुसऱ्या दिवशी करायच्या कामासाठी होतं. मोर्चा काढायचा आहे, बहिष्कार टिकवायचा आहे, तुरुंगातून उत्तर द्यायचं आहे, संपावरच्या माणसांचा धीर राखायचा आहे. कोणतंही पान उघडलं की आधी त्यामागचं काम शोधा. ते सापडलं की वाक्यं आपोआप उलगडतात.

पहिली पायरी: पुस्तक नीट निवडा

बाजारात किंग यांच्या नावाची पुष्कळ पुस्तकं आहेत आणि नवखा वाचक इथेच अडखळतो.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर ‘अ टेस्टमेंट ऑफ होप’ घ्या. जेम्स वॉशिंग्टन यांनी संपादित केलेला हा संग्रह १९८६ साली आला. त्यात निबंध आहेत, प्रवचनं आणि भाषणं आहेत, मुलाखती आहेत, शिवाय किंग यांच्या पुस्तकांतले मोठे भागही आहेत. अडचण एकच, रचना विषयवार आहे, कालक्रमानं नाही. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर १९५७ मधून १९६८ मध्ये आणि तिथून पुन्हा १९५८ मध्ये, अशा उड्या पडतात. माझं पहिलं वाचन साठाव्या पानाशी अडलं ते यामुळेच. बाबासाहेब आंबेडकरांचे महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून काढलेले खंड ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. संग्रह हे कोठार असतं. आपल्याला हवं ते तिथून काढून आणायचं, दारापासून भिंतीपर्यंत चालत जायचं नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लेबर्न कार्सन यांच्या देखरेखीखाली निघालेले ‘पेपर्स’ हे खंड वेगळे. पहिला खंड १९९२ चा. पत्रं, विद्यार्थिदशेतले निबंध, तारा, प्रवचनांची टिपणं, सगळं टिपांसकट. काम फार मोलाचं आहे, पण सुरुवातीला घेऊ नका. २०१४ साली आलेला सातवा खंडसुद्धा ऑगस्ट १९६२ पर्यंत येऊन थांबतो. म्हणजे १९६३ चं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र आणि वॉशिंग्टनचं स्वप्नाचं भाषण त्या सात खंडांत शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

‘आत्मचरित्र’ म्हणून जे पुस्तक मिळतं त्याबद्दलही एक खुलासा. किंग यांनी सलग आत्मचरित्र लिहिलेलं नाही. कार्सन यांनी किंग यांच्याच लेखनातले, भाषणांतले, पत्रांतले उतारे जोडून १९९८ मध्ये ते तयार केलं. वाचायला ओघवतं आहे, ओळख करून घ्यायला चांगलं आहे. फक्त त्यातले शेजारशेजारचे दोन परिच्छेद दहा वर्षांच्या अंतरानं लिहिलेले असू शकतात, हे ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी: पाच रकान्यांची वही

एक साधी वही घ्या आणि पानावर पाच रकाने आखा: तारीख, जागा, समोर कोण, मागणी काय, पुढे काय झालं. प्रत्येक मजकूर वाचण्याआधी पहिले तीन भरा, वाचताना चौथा, वाचून झाल्यावर पाचवा. शाळकरी वाटेल, पण आमच्या गटाला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याही प्रस्तावनेचा झाला नाही.

पहिल्याच भाषणावर करून बघू. तारीख ५ डिसेंबर १९५५. जागा अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातलं होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. समोर हजारोंची गर्दी, आत मावली नाही म्हणून बाहेर कर्णे लावलेले. चार दिवसांपूर्वी, १ डिसेंबरला, रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला होता आणि त्यांना अटक झाली होती. ५ तारखेला, सोमवारी, काळ्या वस्तीनं बसवर बहिष्कार टाकला आणि बसगाड्या रिकाम्या धावल्या. दुपारी नवी संघटना उभी राहिली, सव्वीस वर्षांच्या, गावात नव्या असलेल्या पाद्र्याला, किंग यांना, अध्यक्ष केलं गेलं. भाषणाच्या तयारीला मिळाली वीसेक मिनिटं.

आता चौथा रकाना. मागणी काय होती? इथे आमच्या गटातले सगळे चमकले. चालकांनी सभ्यपणे वागावं, काळ्या प्रवाशांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं पण बसलेल्याला उठवू नये, आणि ज्या मार्गांवर बहुतांश प्रवासी काळे आहेत तिथे काळे चालक नेमावेत. बस्स. वेगळं बसवण्याचा कायदाच रद्द करा, ही मागणी पहिल्या दिवशी नव्हतीच! एवढीशी मागणीसुद्धा मान्य होईना म्हणून लढा न्यायालयात गेला आणि ३८१ दिवसांनी बसमधला भेदच संपला. पाचवा रकाना भरताना हात थांबतो तो यासाठी.

आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक येतात. माँटगोमेरीच्या बसमध्ये काळ्या प्रवाशानं पुढच्या दारानं चढून चालकाकडे पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दारानं आत यायचं, आणि कधीकधी तो मागच्या दाराशी पोचायच्या आत बस निघून जायची, हे वाचल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो, पैसे घेतले म्हणजे प्रवासी आपला झाला. त्याला खाली सोडून घंटी मारवेल कशी?” आणि लगेच त्यांच्या पेशाचा प्रश्न आला: “मग वर्षभर ही माणसं कामावर गेली कशी?”

या प्रश्नाचं उत्तर किंग यांच्या पहिल्या पुस्तकात आहे, १९५८ च्या ‘स्ट्राइड टोअर्ड फ्रीडम’मध्ये. खासगी मोटारींचं जाळं, ठरलेले थांबे, चर्चच्या नावानं घेतलेल्या गाड्या, आणि मैलोन्‌मैल पायी चालणारी माणसं. दमलेल्या पायांबद्दल आणि निवांत झालेल्या जिवाबद्दल बोलणारी एक म्हातारी त्यात भेटते. तिच्यासाठी तरी ते प्रकरण वाचाच.

तिसरी पायरी: आधी कान, मग डोळे

किंग पाद्री होते. वडील पाद्री, आजोबा पाद्री. त्यांचं वाक्य मुळात कानासाठी घडलेलं आहे. काळ्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये श्रोते गप्प बसत नाहीत. वक्त्याच्या प्रत्येक ओळीला ‘हो’, ‘सांगा’, ‘आमेन’ अशी दाद येते आणि त्या दादेच्या जोरावर वक्ता पुढची ओळ उचलतो. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ धरतात, तसंच. छापील पानावर झीलकरी नसतात. म्हणून एकच ओळ सहा वेळा आली की नवखा वाचक म्हणतो, पुनरुक्ती फार आहे. ध्वनिमुद्रण ऐका, पुनरुक्ती कशासाठी होती ते कळेल.

रचनेच्या बाबतीत मला कीर्तनाचा फार उपयोग झाला. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो. किंग बायबलमधलं वचन घेतात, त्यावरून आजच्या प्रश्नाकडे येतात, मग एखादी गोष्ट सांगतात आणि शेवटी स्वर चढवत नेतात. ऐकणाऱ्याला वाट माहीत असते. गोडी असते ती या खेपेला ती वाट कशी चालली याची.

म्हणून जवळ मराठी बायबल ठेवा. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, त्याशिवाय अर्धं निसटतं. न्याय पाण्यासारखा वाहू दे, हे आमोसच्या पुस्तकातलं. प्रत्येक दरी उंचावली जाईल, हे यशयातलं. इजिप्तमधून सुटलेल्या गुलामांची कथा निर्गममध्ये, आणि ती किंग यांच्या श्रोत्यांच्या रक्तातच होती, कारण त्यांचे पणजोबा-पणज्या स्वतः गुलाम होते. वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा शोमरोनी लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात. एवढ्या चार जागा वाचल्या तरी पुष्कळ झालं.

चौथी पायरी: बर्मिंगहॅमचं पत्र, सावकाश

पहिल्या भाषणानंतर थेट १९६३ वर या. या पत्रासाठी घाई करू नका, दोन-तीन बैठका द्या. माझ्या मते किंग यांनी लिहिलेल्या गद्यात याच्या तोडीचं दुसरं नाही.

आधी रकाने. १२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये मोर्च्यावर बंदी असताना किंग मोर्चा काढतात आणि तुरुंगात जातात. त्याच दिवशी तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन वर्तमानपत्रात छापून येतं. ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळही योग्य नाही, काळ्या लोकांनी धीर धरावा, असा त्याचा सूर. हे आठ जण कट्टर वंशद्वेष्टे नव्हते. सौम्य, समंजस म्हणून ओळखले जाणारे लोक होते. समोर कोण, या रकान्यात हे नीट लिहून ठेवा, कारण पत्राची सगळी धार त्यात आहे. किंग त्यांना ‘धर्मबंधूंनो’ म्हणून संबोधतात आणि मग हळूहळू सांगतात की आपली सर्वांत मोठी निराशा झाली ती उघड शत्रूनं नव्हे, तर न्यायापेक्षा शांतता प्यारी असलेल्या सज्जनांनी केली.

उत्तर लिहायला कागद नव्हता. किंग यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला सुरुवात केली, मग मिळतील त्या कपट्यांवर, शेवटी वकिलांनी दिलेल्या वहीवर. बाहेर सहकाऱ्यांनी ते जुळवून टंकलिखित केलं. पत्रावर तारीख आहे १६ एप्रिल.

पत्रात दोन गोष्टी हेरून ठेवा. एक, अहिंसक लढ्याचे चार टप्पे: वस्तुस्थिती गोळा करणं, वाटाघाटी, आत्मशुद्धी आणि मग थेट कृती. किंग यांची अहिंसा म्हणजे ‘शांत राहा’ हा उपदेश नव्हे, हे इथे स्वच्छ दिसतं. वाटाघाटी करायलाच तयार नसलेल्याला त्या करणं भाग पडेल असा ताण मुद्दाम निर्माण करायचा, असं ते उघड म्हणतात. दोन, न्याय्य आणि अन्याय्य कायद्यातला फरक. अन्याय्य कायदा मोडायचा, पण उघडपणे आणि शिक्षा स्वीकारून. सविनय कायदेभंग हा शब्द १९३० पासून आपल्या घरातला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग जड जाणार नाही.

आता पत्रातलं ते सुप्रसिद्ध लांबच लांब वाक्य. धर्मगुरू म्हणाले, थांबा. किंग उत्तर देतात ते तीनशेहून जास्त शब्दांच्या एकाच वाक्यात. जेव्हा तुम्ही जमावाला तुमच्या आईवडिलांना ठार मारताना पाहिलेलं असतं. जेव्हा सहा वर्षांच्या मुलीनं टीव्हीवर जाहिरात पाहिलेल्या करमणूक उद्यानात आपल्याला का जाता येत नाही, हे तिला समजावताना तुमची जीभ अडखळते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. जेव्हा प्रवासात कुठलंही मोटेल खोली देत नाही म्हणून रात्रीमागून रात्री गाडीतच अंग आखडून झोपावं लागतं. जेव्हा तुमचं वय कितीही असो, तुम्हाला ‘पोरा’ म्हणूनच हाक मारली जाते आणि तुमच्या बायकोला, आईला आदरार्थी ‘मिसेस’ कधीच लावलं जात नाही. असे जेव्हा, जेव्हा, जेव्हा येत राहतात. आणि अगदी शेवटी: तेव्हा तुम्हाला कळेल की थांबणं आम्हाला जड का जातं.

हे वाक्य मोठ्यानं वाचा. अर्धविरामाशी श्वास घ्या, पूर्णविराम येईपर्यंत थांबू नका. दम लागतो. मुख्य वाक्य शेवटी ठेवून किंग यांनी वाचणाऱ्यालाच थांबायला लावलं आहे, आणि थांबणं काय असतं हे त्याच्या छातीला कळतं. मराठीत आपली जेव्हा-तेव्हाची जोडी तयारच आहे, क्रियापदही शेवटीच येतं, त्यामुळे हे वाक्य मराठीत आणणं हा फार आनंदाचा व्यायाम आहे. आमच्या गटात प्रत्येकानं एकेक ‘जेव्हा’ घेतला होता. ‘पोरा’ या हाकेशी सगळे थबकले. साठीच्या माणसाला अरे-तुरे करणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या गावात वाढलेल्या कुणाला कोशात बघावं लागत नाही.

पाचवी पायरी: वॉशिंग्टनचं भाषण, पण पहिल्या ओळीपासून

२८ ऑगस्ट १९६३. लिंकन यांच्या स्मारकापुढे सुमारे अडीच लाख लोक. मोर्च्याचं पूर्ण नाव ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी मोर्चा’, आणि मागण्यांत ताशी दोन डॉलर किमान वेतनही होतं. भाषणाची पहिली मोठी प्रतिमा स्वप्नाची नाहीच, ती बँकेची आहे. देशाच्या संस्थापकांनी प्रत्येक नागरिकाला वचनचिठ्ठी लिहून दिली होती, काळ्या नागरिकाच्या हाती मात्र न वटणारा चेक आला, आणि आम्ही तो वटवून घ्यायला राजधानीत आलो आहोत, असं ते सांगतात. चेक बाउन्स होणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्वप्नाचा भाग लिहून आणलेल्या भाषणात नव्हता. त्याआधी जूनमध्ये डेट्रॉइटला आणि अन्यत्र त्यांनी तो बोलून दाखवला होता. गायिका महालिया जॅक्सन जवळच बसल्या होत्या, त्यांनी ‘त्यांना स्वप्नाबद्दल सांगा’ असं ओरडून सुचवलं. किंग यांनी कागद बाजूला केला. ध्वनिमुद्रणात हा सांधा शोधा. वाचणारा माणूस बोलायला लागतो, ती जागा कानाला स्पष्ट कळते.

आणि लगेच पुढचं पान उलटा. अवघ्या अठरा दिवसांनी, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि चार मुली गेल्या. त्यांतल्या तिघींच्या अंत्यविधीत किंग बोलले. स्वप्नाच्या भाषणानंतर हे भाषण वाचल्याशिवाय त्या वर्षाचा अर्थ लागत नाही.

सहावी पायरी: ज्यानं मित्रही दुरावले ते भाषण

४ एप्रिल १९६७, न्यूयॉर्कचं रिव्हरसाइड चर्च, विषय व्हिएतनाम. हे भाषण वाचायला तुलनेनं कोरडं आहे. मसुदा तयार करण्यात इतिहासकार व्हिन्सेंट हार्डिंग यांचा मोठा वाटा होता, आणि त्यात व्हिएतनामचा १९४५ पासूनचा इतिहास येतो. पण टाळू नका. वस्त्यांतल्या चिडलेल्या पोरांना बंदुकीनं प्रश्न सुटत नाहीत असं सांगायला गेलो, तर ती विचारतात, ‘मग सरकार व्हिएतनाममध्ये काय करतंय?’ या प्रश्नानं आपल्याला बोलायला भाग पाडलं, असं किंग म्हणतात. अहिंसा फक्त गरिबांनी पाळायची नाही, हा त्यातला कणा. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी टीका केली, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या जुन्या सहकाऱ्यांनीही. ‘पुढे काय झालं’ या रकान्यात ते लिहा.

भारताचा धागा कुठे सापडतो

हा भाग पायरीत बसत नाही, पण मराठी वाचक तो विचारतोच. १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किंग, पत्नी कोरेटा आणि अभ्यासक लॉरेन्स रेडिक महिनाभर भारतात होते. मुंबईत त्यांचा मुक्काम गावदेवीच्या मणिभवनात होता. त्या प्रवासावरचा त्यांचा लेख संग्रहात आहे. लेखात अस्पृश्यतेचा प्रश्न येतो तो मुख्यतः गांधी आणि नेहरूंच्या बाजूनं. महाड आणि काळाराम मंदिर ज्यांच्या मनात आहे त्यांना तो अपुरा वाटेल, आणि तसं वाटणं रास्त आहे. बाबासाहेब जाऊन तेव्हा सव्वादोन वर्षंच झाली होती.

मात्र तेवढ्यावर थांबू नका. १९६५ च्या ४ जुलैच्या प्रवचनात किंग केरळमधल्या एका शाळेचा प्रसंग सांगतात. विद्यार्थी दलित कुटुंबांतले होते, आणि मुख्याध्यापकांनी किंग यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी धक्का बसला, रागही आला. मग देशातल्या आपल्या लोकांची स्थिती डोळ्यांपुढे आली आणि मनात म्हटलं, होय, मी अस्पृश्यच आहे. १९६४ च्या ‘व्हाय वी कान्ट वेट’मध्ये आणखी एक संवाद आहे. विद्यापीठातल्या प्रवेशात अस्पृश्यांना प्राधान्य देणं हा भेदभाव नाही का, असं रेडिक यांनी नेहरूंना विचारलं. असेलही, पण शतकांच्या अन्यायाचं हे आमचं प्रायश्चित्त आहे, असं उत्तर मिळालं. अमेरिकेतही वंचितांसाठी खास तरतूद हवी, हे सांगताना किंग तो दाखला देतात. आणि आयुष्यातल्या शेवटच्या रविवारी, ३१ मार्च १९६८ ला, वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये बोलताना त्यांना मुंबईच्या फुटपाथवर झोपणारी माणसं आठवली होती.

शब्दांची पथ्यं

‘निग्रो’ हा शब्द किंग स्वतः वापरतात. त्या काळी तो आदराचाच शब्द होता. आपण बोलताना काळे किंवा कृष्णवर्णीय म्हणावं, पण त्यांचं वाक्य उद्धृत करताना बदलू नये. ‘अगापे’ हा ग्रीक शब्द वारंवार येईल. नुसतं ‘प्रेम’ म्हणून पुढे गेलात तर गफलत होईल, कारण मला शत्रू आवडला पाहिजे असं किंग म्हणत नाहीत. आवडो न आवडो, त्याचं भलं चिंतणं आणि त्याला माणूस म्हणून धरून ठेवणं, असा त्यांचा अर्थ आहे. आम्ही तो शब्द तसाच ठेवतो.

मदतनिसांचा आणि उसनवारीचा प्रश्नही वाचकापासून लपवू नये. बायर्ड रस्टिन, स्टॅनली लेव्हिसन, क्लॅरेन्स जोन्स या सहकाऱ्यांनी मसुद्यांना हात लावला होता. बोस्टन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात किंग यांनी इतरांचे उतारे श्रेय न देता घेतले होते, हे १९९१ मध्ये विद्यापीठाच्या समितीनंच नोंदवलं. कागदपत्रं प्रकाशित करणाऱ्या स्टॅनफर्डच्या मंडळींच्याच कामातून ते उघड झालं होतं. प्रबंधातली चूक ती चूकच. प्रवचनांचं मात्र थोडं वेगळं आहे. एका पाद्र्याचा दृष्टांत दुसऱ्यानं वापरण्याची तिथे रीत होती, जशी एका कीर्तनकाराची आख्यानं दुसऱ्याच्या तोंडी जातात.

आणखी एक व्यावहारिक बाब. भाषणांचे हक्क वारसांकडे आहेत. गटात वाचायला काहीच हरकत नाही, पण मराठी अनुवाद छापायचा किंवा पुस्तिका काढायची असेल तर आधी परवानगी घ्या.

सातवी पायरी: मेम्फिस

हे शेवटी ठेवा आणि एका बैठकीत पूर्ण करा. १ फेब्रुवारी १९६८ ला टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर एवढंच होतं: मी माणूस आहे. किंग त्यांच्यासाठी आले.

३ एप्रिलची रात्र वादळी होती. किंग यांना बरं नव्हतं, ते खोलीवरच राहिले होते. सभा होती त्या मेसन टेंपलमधून सहकारी राल्फ अॅबरनॅथी यांचा फोन आला, लोक तुमचीच वाट बघतायत. ते गेले आणि हातात टिपण न घेता बोलले. सगळ्यांना माहीत असतो तो ‘मी डोंगरमाथ्यावर जाऊन आलोय’ म्हणणारा शेवट, जेमतेम दीड-दोन मिनिटांचा. त्याआधीचं ऐका. कोणत्या कंपनीचा पाव आणि दूध घ्यायचं नाही, पैसे कोणत्या बँकेत हलवायचे, विमा कुणाकडे उतरवायचा, हे सगळं ते नावानिशी सांगतात. मग लूकमधल्या त्या गोष्टीतला यरीहोचा रस्ता येतो. मी थांबलो तर माझं काय होईल, असं जखमीला टाळून पुढे गेलेल्या दोघांनी विचारलं. मी थांबलो नाही तर याचं काय होईल, असं शोमरोन्यानं विचारलं. आणि किंग तो प्रश्न सफाई कामगारांकडे वळवतात.

मग शिंकेची गोष्ट. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पुस्तकावर सह्या करताना एका मनोरुग्ण बाईनं त्यांच्या छातीत कागद कापायचं पातं खुपसलं होतं. टोक महारोहिणीशी टेकलेलं होतं, शिंक आली असती तरी जीव गेला असता. एका शाळकरी मुलीनं पत्र लिहिलं, तुम्हाला शिंक आली नाही याचा मला आनंद आहे. किंग म्हणतात, मलाही. शिंकलो असतो तर हे बघायला मिळालं नसतं, ते बघायला मिळालं नसतं. आणि त्या ‘शिंकलो असतो तर’वर पकडून दहा वर्षांची सगळी चळवळ ते लोकांपुढून नेतात. वहीतले तुमचे रकाने इथे एकामागून एक भाषणात येताना दिसतील, बर्मिंगहॅम, वॉशिंग्टन. हे भाषण शेवटी का ठेवायचं ते तेव्हा कळेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ४ एप्रिलला, लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली.

पाचवा रकाना तरीही भरायचा असतो. आमच्या गटात तो वाहक काकांनी भरला. १६ एप्रिल १९६८: युनियनला मान्यता, पगारवाढ, संप मागे.